आस्तिक-नास्तिकांना एका पंगतीस बसविणारे बिल विल्सन

मनुष्य स्वतःच्या इच्छेविरुद्ध अनिष्ट कर्म का करतो, हा प्रश्न अर्जुनाने कुरुक्षेत्रावर भगवंतांना विचारला. ज्या घरात मद्यपी मनुष्य आहे, त्या घराच्या उंबरठ्यावर तो प्रश्न आजही उभा आहे. सकाळी मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेणारा पिता सायंकाळी त्याच हाताने पेला उचलतो. त्याची शपथ खोटी नसते. परंतु ती पाळण्याचे बळ त्याच्यात उरलेले नसते. अशा निर्बलाला बळ कोठून मिळावे? श्रद्धावान म्हणेल, ईश्वराकडून. मग ज्याची ईश्वरावर श्रद्धाच बसत नाही, त्याने काय करावे? त्याने बुडून जावे काय? या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या अधःपातात शोधणाऱ्या, आणि सापडलेले उत्तर इतरांवर लादण्याचा मोह मोठ्या कष्टाने आवरणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाचे हे चरित्र आहे. त्यांचे नाव विल्यम ग्रिफिथ विल्सन. जगात ते बिल विल्सन या नावाने प्रसिद्ध आहेत.

अमेरिकेच्या ईशान्येस व्हर्माँट नावाचे डोंगराळ राज्य आहे. तेथील ईस्ट डॉर्सेट या खेड्यात २६ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्सन यांचा जन्म झाला. दैवयोग असा की, कुटुंबाच्या हॉटेलातील मद्यशाळेच्या मागील खोलीत त्यांनी प्रथम डोळे उघडले. त्यांचे पितामहही मद्याने गांजलेले होते. एके दिवशी ते गावाजवळच्या पर्वतावर गेले, तेथे त्यांनी आर्ततेने ईश्वराचा धावा केला, त्यांना काही विलक्षण अनुभव आला आणि त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी मद्यास स्पर्श केला नाही, अशी कथा त्या घरात सांगितली जाई. विल्सन यांनी ती बालपणीच ऐकली होती. परंतु दुसऱ्याने चाखलेल्या अन्नाने आपली भूक भागत नाही, त्याप्रमाणे दुसऱ्याच्या अनुभवाने आपली श्रद्धा जागी होतेच असे नाही.

विल्सन दहा वर्षांचे झाले त्या सुमारास त्यांचे आईवडील विभक्त झाले. वडील दूर कॅनडाच्या पश्चिम भागात निघून गेले, आई वैद्यकीय शिक्षणासाठी बॉस्टनला गेली, आणि विल्यम व त्यांची धाकटी बहीण डॉरथी यांचा सांभाळ मातामहांनी केला. टाकून दिल्याची वेदना त्या बालमनात खोल रुतली आणि तिच्यातून एक हट्ट जन्मास आला : आपण सर्वांत श्रेष्ठ ठरले पाहिजे. ऑस्ट्रेलियातील आदिवासींखेरीज कोणालाही बूमरँग करता येत नाही, असे मातामह एकदा सहज म्हणाले. त्यासरशी या मुलाने सहा महिने लाकडे तासली, शेवटी स्वतःच्या पलंगाच्या डोक्याकडील फळी कापली, आणि फेकणाऱ्याकडे परत येणारे बूमरँग करून दाखविले. हा अहंकार पुढे त्यांचे बळही ठरला आणि त्यांचा शत्रूही. धर्माशी त्यांचे नाते याच वयात तुटले. मद्यनिषेधाची प्रतिज्ञा घेण्याची सक्ती झाली, तेव्हा त्यांनी चर्चच्या रविवारच्या शाळेत जाणेच सोडून दिले. सक्तीने दिलेली प्रतिज्ञा त्यांना मद्यापासून दूर ठेवू शकली नाही. देवापासून मात्र तिने दूर केले.

पुढे मँचेस्टर गावच्या विद्यालयात शिकत असताना तेथील धर्मोपदेशकाच्या बर्था नावाच्या कन्येवर त्यांचे प्रेम जडले. नोव्हेंबर १९१२ मध्ये न्यूयॉर्क येथे शस्त्रक्रियेनंतर तिचे अकस्मात निधन झाले. ही वार्ता शाळेतील सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीच मुख्याध्यापकांनी सर्वांसमक्ष सांगितली. त्या आघाताने विल्सन दीर्घकाळ खिन्नतेच्या गर्तेत पडले. अभ्यास खुंटला, भविष्य अंधारले. ज्या सभागृहात ईश्वराचे स्तवन चालते तेथेच आपले सर्वस्व हिरावल्याचे ऐकणाऱ्या सतराव्या वर्षातील मुलाने त्या ईश्वराविषयी काय समजावे?

पहिल्या महायुद्धात विल्सन सैन्यात अधिकारी झाले. १९१७ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यू बेडफर्ड येथे असताना एका श्रीमंताघरच्या समारंभात त्यांनी मद्याचा पहिला पेला घेतला. आजवर ज्या संकोचाने ते लोकांत मिसळू शकत नसत, तो संकोच क्षणात वितळला. आपण सर्वांचे आणि सर्व आपले, असा भास झाला. विष प्रथम अमृतासारखे लागते, ते असे. २४ जानेवारी १९१८ रोजी लोइस बर्नहॅम या सुशील व करारी युवतीशी त्यांचा विवाह झाला, आणि लवकरच ते युद्धासाठी युरोपात गेले. इंग्लंडमधील विंचेस्टर येथील प्राचीन चर्चमध्ये एका क्षणी त्यांना कोणा महान सत्तेचे सान्निध्य जाणवले. परंतु ती जाणीव टिकली नाही.

युद्धानंतर ते न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात शिरले. कंपन्यांचा प्रत्यक्ष शोध घेऊन त्यांच्या शेअरांचे मूल्य ठरवावे, ही कल्पना त्या काळी नवी होती. त्यासाठी १९२५ मध्ये पती-पत्नी मोटारसायकलवर तंबू व पुस्तके लादून देश पाहत फिरली. पैसा आला, मान आला आणि त्याबरोबर मद्यही वाढले. अमेरिकेत तेव्हा दारूबंदीचा कायदा होता. पण व्यसनी मनुष्याला कायद्यातील फटी शोधाव्या लागत नाहीत, त्या त्याला पाठच असतात. १९२९ मध्ये बाजार कोसळला आणि त्याबरोबर विल्सनही कोसळले. लोइस यांना अपत्यसुख लाभले नव्हते. आता त्या दुकानात नोकरी करून संसार चालवू लागल्या आणि घरी परतल्यावर बेशुद्ध पतीला उचलू लागल्या. ब्रुकलिनमधील क्लिंटन स्ट्रीटवरील त्यांच्या माहेरच्या घरात दोघे राहत. कुटुंबाच्या धर्मग्रंथावर विल्सन यांनी पुनःपुन्हा मद्यत्यागाच्या प्रतिज्ञा लिहिल्या आणि पुनःपुन्हा त्या मोडल्या.

१९३३ व १९३४ या वर्षांत त्यांना न्यूयॉर्कच्या टाउन्स रुग्णालयात अनेकदा ठेवावे लागले. तेथे डॉक्टर विल्यम सिल्कवर्थ हे कनवाळू वैद्य होते. मद्यासक्ती हे केवळ दुर्वर्तन नसून तो एक रोग आहे; त्यात मनाला मद्याचा अनावर ध्यास लागतो आणि शरीर असे झालेले असते की पहिला घोट पोटात गेला की थांबता येत नाही, असे त्यांचे निदान होते. या ज्ञानाने विल्सन यांना काही काळ धीर आला. परंतु रोगाचे नाव कळल्याने रोग जात नाही. ते पुन्हा पिऊ लागले. वेड किंवा मृत्यू याशिवाय पुढे काही नाही, असे लोइस यांना सांगण्यात आले.

अशा स्थितीत नोव्हेंबर १९३४ मध्ये एबी थॅचर नावाचा जुना मित्र त्यांच्या घरी आला. हा एबीही प्रसिद्ध मद्यपी. विल्सन यांनी मोठ्या उत्साहाने त्याच्यापुढे पेला सरकविला. एबीने तो नाकारला. आपणास धर्माचा आधार मिळाला, असे त्याने सांगितले. तो ऑक्सफर्ड ग्रूप या ख्रिस्ती चळवळीत गेला होता. फ्रँक बुकमन यांनी सुरू केलेल्या या चळवळीचे पुढे १९३८ मध्ये मॉरल रीआर्मामेंट असे नामांतर झाले. महाराष्ट्रात पाचगणी येथील एशिया प्लॅटो हे केंद्र तिच्याच प्रेरणेने उभे राहिले. आपले दोष मोकळेपणाने कबूल करावेत, ज्यांचे अपराध केले त्यांची भरपाई करावी, एकांतात ईश्वरी मार्गदर्शनाची वाट पाहावी, असा तिचा आचार होता. देवाचे नाव ऐकताच विल्सन यांच्या मनात जुना विरोध उसळला. तेव्हा एबीने सुचविले की, दुसऱ्याने सांगितलेला देव मान्य होत नसेल तर स्वतःला पटेल अशी देवाची कल्पना स्वतःच का करू नये? स्वयंपाकघरातील मेजाशी बसून एका मद्यप्याने दुसऱ्याला केलेली ही सूचना पुढे लक्षावधी लोकांच्या उपयोगी पडली.

११ डिसेंबर १९३४ रोजी विल्सन शेवटचे मद्य पिऊन रुग्णालयात दाखल झाले. दोन-तीन दिवसांनी नैराश्य इतके गडद झाले की त्यांचा उरलासुरला अभिमान मोडून पडला. देव असेल तर त्याने प्रकट व्हावे, आपण काहीही करण्यास तयार आहोत, असा आक्रोश त्यांच्या अंतःकरणातून निघाला. तत्क्षणी खोली शुभ्र प्रकाशाने भरून गेल्यासारखे त्यांना वाटले. आपण पर्वतशिखरावर उभे असून आपल्यातून वायूचा नव्हे, चैतन्याचा प्रवाह वाहत आहे, असा अनुभव आला आणि मागोमाग अपार शांती लाभली. आपणास वेड तर लागले नाही ना, अशी शंका येऊन त्यांनी डॉक्टर सिल्कवर्थ यांना विचारले. जे काही झाले आहे ते पूर्वीच्या स्थितीहून निश्चितच चांगले आहे, ते घट्ट धरून ठेवावे, असा सल्ला त्या वैद्याने दिला. त्या रुग्णालयातील उपचारांत बेलाडोना ही भ्रम उत्पन्न करू शकणारी वनस्पती वापरली जात असे. म्हणून त्या प्रकाशाचे श्रेय काही अभ्यासक औषधाला देतात. कारण काहीही असो, त्यानंतरच्या छत्तीस वर्षांत विल्सन यांनी मद्य घेतले नाही. रुग्णालयातच त्यांनी विल्यम जेम्स या तत्त्वज्ञाचा १९०२ मध्ये प्रसिद्ध झालेला धार्मिक अनुभवांच्या विविधतेवरील ग्रंथ वाचला. अनुभवांची रूपे अनेक असली तरी त्यांच्या मुळाशी बहुधा अहंकाराचा पूर्ण पराभव असतो, हे सूत्र त्यांनी त्यातून उचलले.

येथे कथा संपली असती तर ती एका भाग्यवंताची कथा ठरली असती. खरी परीक्षा पुढेच होती. घरी येताच विल्सन मद्यप्यांच्या उद्धारासाठी धावले. रुग्णालयांत, अनाथ मद्यप्यांच्या आश्रयस्थानांत ते जात आणि आपल्या दिव्य प्रकाशाचे वर्णन करीत. सहा महिने त्यांनी अहोरात्र खटपट केली. परंतु एकही मनुष्य सुधारला नाही. लोइस यांनी त्यांच्या ध्यानात आणून दिले की, इतर कोणी सुधारले नसले तरी या सेवेमुळे ते स्वतः तरी मद्यापासून दूर राहिले आहेत. सिल्कवर्थ यांनी अधिक कठोर सत्य सांगितले. विल्सन यांनी उपदेश करणे थांबवावे. आपल्या साक्षात्काराची कथा ऐकवून रोग्याला पळवून लावण्याऐवजी प्रथम रोगाची भयानकता समजावून सांगावी, आणि देवाविषयी नंतर बोलावे. ज्याला साक्षात्कार झाला होता त्याला गप्प राहण्याचा उपदेश एका डॉक्टराने केला, आणि त्याने तो मानला.

मे १९३५ मध्ये एका व्यावसायिक कामासाठी विल्सन ओहायो राज्यातील ॲक्रन शहरी गेले. काम फसले. परक्या शहरात, मेफ्लॉवर हॉटेलच्या दिवाणखान्यात ते एकटे उभे होते. एका बाजूस मद्यशाळेतील हास्यविनोद ऐकू येत होता, दुसऱ्या बाजूस टेलिफोन होता. आपण वाचायचे असेल तर आपणास दुसरा एखादा मद्यपी हवा, हे त्यांना त्या क्षणी उमगले. त्यांनी चर्चच्या यादीतून एका धर्मोपदेशकाला टेलिफोन केला, आणि नावांमागून नावे शोधीत अखेर हेन्रिएटा सायबर्लिंग या बाईंकडून त्यांना डॉक्टर रॉबर्ट स्मिथ यांचा पत्ता लागला. १२ मे रोजी सायंकाळी पाच वाजता दोघे भेटले. केवळ पंधरा मिनिटे बसेन, असे ठरवून आलेले डॉक्टर रात्री अकराच्या पुढे उठले.

डॉक्टर बॉब हे निष्णात शल्यचिकित्सक होते आणि श्रद्धावानही होते. सुमारे अडीच वर्षे ते ऑक्सफर्ड ग्रूपच्या सभांना जात होते, प्रार्थना करीत होते, धर्मग्रंथ वाचीत होते. आणि पीतही होते. विल्सन यांच्याहून त्यांची धर्मश्रद्धा जुनी होती. जे त्यांना मिळाले नव्हते ते एवढेच की, त्याच दलदलीतून वर आलेला, त्यांचे दुःख त्यांच्याच भाषेत सांगणारा आणि त्यांच्याकडून स्वतःलाही साहाय्य मागणारा सोबती. जूनमध्ये त्यांचा एकदा पुन्हा तोल गेला. एका शस्त्रक्रियेच्या सकाळी त्यांचा हात स्थिर राहावा म्हणून स्वतः विल्सन यांनीच त्यांना बिअरची एक बाटली दिली. तो त्यांचा शेवटचा पेला ठरला. १० जून १९३५ हा तो दिवस. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे निनावी मद्यासक्तांचा संघ, याचा तोच स्थापनादिवस मानतात. केवळ श्रद्धेने डॉक्टर बॉब सुटले नव्हते, आणि केवळ ज्ञानाने विल्सन सुटले नव्हते. दोघे सुटले ते एकमेकांचा हात धरल्यावर.

प्रारंभी हे मद्यपी ऑक्सफर्ड ग्रूपच्याच छत्राखाली जमत. परंतु त्या चळवळीचे अत्यंत कठोर नैतिक दंडक आणि प्रसिद्धीची आवड मद्यप्यांना मानवेना. शिवाय कॅथलिक पंथीयांना तिच्यात येण्यास धर्माची अडचण होती. १९३७ मध्ये न्यूयॉर्कचा गट वेगळा झाला. एका पंथाच्या दारातून बाहेर पडल्याबरोबर दुसरा प्रश्न दारात उभा राहिला : जो कोणताच पंथ मानत नाही, त्याचे काय?

तो प्रश्न जिम बर्वेल यांच्या रूपाने १९३८ च्या आरंभी प्रत्यक्ष चालत आला. हे गावोगाव फिरणारे विक्रेते होते, कट्टर नास्तिक होते, आणि सभेत उभे राहून देवाच्या गोष्टी बंद करा असे सर्वांना बजावीत असत. श्रद्धावान सदस्य संतापले. याला काढून टाकावे, अशी कुजबुज सुरू झाली. मग प्रवासात असताना जिम पुन्हा प्याले. काहींना वाटले, बरे झाले, देवाला न मानण्याचे फळ मिळाले. परंतु जून १९३८ मध्ये तो मनुष्य परत आला. त्याला परत घ्यावे की नाही, हा प्रश्न वरवर नियमाचा होता. वस्तुतः एका प्राणाचा होता. विल्सन यांनी पुढे हा प्रसंग नाव बदलून लिहिला आहे. ज्याला दार बंद करावे त्याच्या मृत्यूचे उत्तरदायित्व दार बंद करणाऱ्यावर येते, हे त्या मंडळींना तेव्हा उमगले. जिम राहिले. त्यानंतर त्यांनी कधी मद्य घेतले नाही. आपल्या समवेत बसलेल्या मद्यमुक्तांच्या समूहाची शक्ती हीच आपल्याहून मोठी शक्ती, एवढेच त्यांनी दीर्घकाळ मान्य केले, आणि तेवढे त्यांना पुरले. १९४० मध्ये फिलाडेल्फिया शहरात संघाचे कार्य त्यांनीच सुरू केले. १९७४ मध्ये त्यांचे निधन झाले.

डिसेंबर १९३८ मध्ये संघाच्या ग्रंथासाठी विल्सन यांनी आचरणाच्या बारा पायऱ्या लिहिल्या. मद्यापुढे आपण हतबल आहोत हे मान्य करणे, आपल्याहून मोठ्या शक्तीवर भाव ठेवणे, आपला जीवनभार तिच्यावर सोपविणे, आपल्या दोषांची निर्भयपणे झडती घेणे, ते दुसऱ्यापुढे कबूल करणे, ज्यांना दुखावले त्यांची भरपाई करणे, ध्यान व प्रार्थना करणे आणि हा मार्ग इतर मद्यपीडितांपर्यंत पोहोचविणे, असा त्यांचा क्रम आहे. पहिल्या मसुद्यात देवाचा उल्लेख मोकळेपणाने होता. त्यावर मोठा वाद पेटला. धर्मोपदेशकाचे पुत्र असलेले फिट्झ मेयो यांना ग्रंथ उघड ख्रिस्ती हवा होता. हँक पार्कहर्स्ट आणि जिम बर्वेल यांना त्यातून देव वगळायचा होता. स्वतः विल्सन यांनी तर प्रकाश डोळ्यांनी पाहिला होता. तरीही ते नमले. आरंभी देवाचे नाव न घेता आपल्याहून मोठी शक्ती असे म्हटले गेले. पुढे जेथे देवाचे नाव आले तेथे तो ज्याला जसा उमगला तसा, असे विशेषण जोडले गेले. गुडघे टेकण्याचा उल्लेख काढला. आणि या पायऱ्या आज्ञा नसून सूचना आहेत, असे स्पष्ट केले. संघाचे द्वार रुंद करण्याचे हे श्रेय विल्सन यांनी पुढे उघडपणे नास्तिकांना व संशयवाद्यांना दिले.

एप्रिल १९३९ मध्ये तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. वाचणाऱ्या अनेकांना वाटू लागले की, विल्सन यांच्यासारखा प्रकाश दिसल्याखेरीज सुटका नाही. तेव्हा १९४१ च्या दुसऱ्या मुद्रणात बाराव्या पायरीतील आध्यात्मिक अनुभव हे शब्द बदलून आध्यात्मिक जागृती असे केले गेले, आणि बहुतेकांची जागृती हळूहळू, शिक्षणाप्रमाणे होते, असा खुलासा जोडला गेला. आपल्या आयुष्यातील परमोच्च क्षण हा इतरांसाठी नियम नव्हे, हे विल्सन यांनी असे छापून सांगितले.

या काळात त्यांच्या डोक्यावर छप्परही नव्हते. एप्रिल १९३९ मध्ये कर्जापायी क्लिंटन स्ट्रीटवरील घर गेले, आणि सुमारे दोन वर्षे पती-पत्नींनी स्नेह्यांच्या आश्रयाने काढली. लोइस यांचे दुःख निराळेच होते. इतकी वर्षे ज्या पतीला आपण सावरले नाही, त्याला परक्या लोकांनी काही महिन्यांत सावरले, ही बोच त्यांना असह्य झाली. एकदा सभेला निघण्याची घाई करणाऱ्या पतीवर त्यांनी रागाने पायातील जोडा भिरकाविला. त्या क्षणी आपल्यालाही बरे होण्याची आवश्यकता आहे, हे त्यांना जाणवले. मद्यप्यांच्या कुटुंबीयांसाठी १९५१ मध्ये त्यांनी अल्-अ‍ॅनॉन ही संस्था उभारली. मद्यपी एकटा आजारी नसतो, त्याचे घर आजारी असते, हे या साध्वीने ओळखले. १९८८ मध्ये त्यांचे निधन झाले.

मार्च १९४१ मध्ये एका मोठ्या नियतकालिकात लेख आल्यावर संघ वेगाने वाढला. वाढीबरोबर नियमांचा सोस वाढला. कोणाला घ्यावे आणि कोणाला नाही, याच्या याद्या होऊ लागल्या. त्या सर्व नियमांचे पालन केले असते तर एकही मनुष्य आत आला नसता, असे विल्सन यांच्या लक्षात आले. त्यांनी मांडलेल्या बारा परंपरा १९५० मध्ये क्लीव्हलंड येथील अधिवेशनात स्वीकारल्या गेल्या. मद्य सोडण्याची इच्छा ही सदस्यत्वाची एकमेव अट ठरली. श्रद्धेची अट नाही, शुल्क नाही, शपथ नाही. नाव न सांगण्याचा दंडक त्यांनी स्वतःलाही लावला, आणि १९५४ मध्ये येल विद्यापीठाने देऊ केलेली सन्माननीय पदवी नाकारली. बूमरँगसाठी पलंग कापणाऱ्या मुलाला हा त्याग सोपा गेला नसेल.

विल्सन यांचा स्वतःचा शोध मात्र थांबला नव्हता. एडवर्ड डाउलिंग या जेझुइट धर्मगुरूंशी त्यांची घनिष्ठ मैत्री होती. फुल्टन शीन या प्रसिद्ध कॅथलिक वक्त्याकडून त्यांनी बराच काळ धर्मशिक्षण घेतले. परंतु कॅथलिक पंथात ते गेले नाहीत. संपूर्ण सत्य एकाच संस्थेच्या हाती आहे, हे त्यांच्या बुद्धीला पटेना. आणि आपण एका पंथाचे झालो तर संघही त्या पंथाचा समजला जाईल, ही चिंताही होती. त्यांच्या आयुष्यात उणिवाही होत्या. अनेक वर्षे त्यांना तीव्र खिन्नतेने ग्रासले. पतिधर्मात त्यांच्याकडून च्युती झाल्याचे चरित्रकारांनी नोंदविले आहे. धूम्रपान त्यांना दीर्घकाळ जिंकता आले नाही. कॅलिफोर्नियातील वेदान्त मंडळाशी निकट असलेले जेरल्ड हर्ड व ऑल्डस हक्सली हे त्यांचे स्नेही होते. १९५६ मध्ये त्यांनी एलएसडी या औषधाचा वैद्यकीय देखरेखीखाली प्रयोगही केला. ज्यांना श्रद्धा लाभत नाही त्यांचा अहंकार याने सैल होईल, अशी त्यांची आशा होती. संघातून आक्षेप आल्यावर काही वर्षांनी त्यांनी तो नाद सोडला. त्यांना कोणी संत म्हटले नाही, आणि तसे म्हणवून घेणे त्यांना शोभलेही नसते.

जानेवारी १९६१ मध्ये त्यांनी स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांना पत्र लिहून एक जुने ऋण व्यक्त केले. एबीला वाचविणारा रोलँड हॅझर्ड हा गृहस्थ पूर्वी युंग यांचा रोगी होता, आणि वैद्यकाचे उपाय संपले, आता आध्यात्मिक परिवर्तनच तुला तारील, असे युंग यांनी त्याला स्पष्ट सांगितले होते. युंग यांनी उत्तरात लिहिले की, मद्यप्याची तहान ही मुळात पूर्णत्वाची तहान आहे. लॅटिन भाषेत मद्य आणि आत्मशक्ती यांना एकच शब्द आहे, हा केवळ योगायोग नव्हे.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये संघाच्या ग्रेपव्हाइन या मासिकात अश्रद्धांच्या अडचणीविषयी विल्सन यांनी एक लेख लिहिला. त्यात त्यांनी आपला अपराध कबूल केला. आरंभीच्या वर्षांत आपणास समजलेला देव सर्वांनी मानलाच पाहिजे, असा आपला आग्रह असे. त्या अहंकाराने आपण संपूर्ण कार्य जवळजवळ बुडविले होते. श्रद्धा नसलेल्या कित्येकांना आपण दुखावले आणि त्यांतील काहींना कदाचित कायमचे दूर लोटले, असे त्यांनी निःसंकोचपणे मांडले. मद्याचा अहंकार सोडणे कठीण. भक्तीचा अहंकार सोडणे त्याहूनही कठीण. विल्सन यांनी दुसऱ्या अहंकाराचीही झडती घेतली.

ज्या एबीने त्यांना मार्ग दाखविला, तो स्वतः अनेकदा घसरला. विल्सन यांनी त्याला कधी टाकले नाही. आपला मार्गदर्शक म्हणूनच ते त्याचा उल्लेख करीत राहिले. १९६६ मध्ये एबीचा मृत्यू झाला तेव्हा तो काही काळ मद्यमुक्त होता. पुढे विल्सन यांची फुप्फुसे निकामी होत गेली. अखेरच्या आठवड्यांत रुग्णशय्येवर त्यांनी काही वेळा व्हिस्की मागितली, असे परिचारिकांच्या नोंदींवरून पुढे उघड झाले. ती त्यांना दिली गेली नाही. छत्तीस वर्षांनंतरही तो शत्रू उशाशी बसून होता, हे जाणून घेणे प्रत्येक व्यसनमुक्ताला हितकारक आहे. २४ जानेवारी १९७१ रोजी, विवाहाच्या त्रेपन्नाव्या वाढदिवशी, मायामी येथे त्यांनी देह ठेवला. ईस्ट डॉर्सेट येथील त्यांच्या समाधिशिलेवर संघाचा उल्लेखसुद्धा नाही.

त्यांच्या मागेही श्रद्धेचा वाद संपला नाही. १९७५ मध्ये शिकागो येथे अज्ञेयवादी व नास्तिक सदस्यांनी आपली स्वतंत्र सभा सुरू केली. १९९६ मध्ये अमेरिकेतील न्यायालयांनी असे ठरविले की, या सभांना धार्मिक अंग असल्यामुळे शासनाने कैद्यांना त्यांची सक्ती करणे योग्य नव्हे. २०११ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे दोन नास्तिक गटांना स्थानिक यादीतून वगळले गेले आणि २०१७ मध्ये पुन्हा सामील करून घेतले गेले. जिम बर्वेल यांचा प्रसंग जणू पुन्हा घडला आणि त्याचा निकालही तोच लागला. थायलंडमधील बौद्धांनी देव या शब्दाऐवजी मांगल्य असा अर्थ घेण्याची इच्छा दर्शविली होती, तेव्हा विल्सन यांनी त्यास हरकत घेतली नव्हती. १९५७ मध्ये संघाचे कार्य भारतात सुरू झाले, आणि आज महाराष्ट्रातही अनेक ठिकाणी मराठीतून सभा भरतात. २०२० मध्ये २७ अभ्यासांचा एकत्र विचार करणाऱ्या वैद्यकीय परीक्षणात असे दिसून आले की, मद्यापासून सतत दूर राहण्याच्या बाबतीत हा मार्ग इतर मान्य उपचारांच्या तोडीचा, किंबहुना काहीसा सरस आहे. मात्र दीर्घकाळ मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी सोडताना वैद्याचे साहाय्य घेणे अत्यावश्यक आहे. विल्सन यांचाही मार्ग रुग्णालयातूनच गेला होता.

जो भक्त ज्या रूपावर श्रद्धा ठेवू इच्छितो, त्याच रूपावरील त्याची श्रद्धा स्थिर केली जाते, असे आश्वासन गीतेच्या सातव्या अध्यायात आहे. आणि अत्यंत दुराचारी मनुष्यालाही नवव्या अध्यायाने दार बंद केलेले नाही. ज्याला हे आश्वासन मान्य आहे, त्याने अश्रद्धाविषयी कठोर होण्याचे कारण उरत नाही. ज्या घरात व्यसनाने ग्रासलेला पुत्र, पती किंवा बंधू आहे, तेथे त्याच्या श्रद्धेची परीक्षा प्रथम घेऊ नये. त्याला देवापुढे शपथ घ्यावयास लावून ती मोडल्याचे पाप त्याच्या माथी चढवू नये. त्याला सुटायचे आहे काय, एवढेच विचारावे. तो होय म्हणाला तर त्याला वैद्याकडे न्यावे आणि त्याच वाटेने सुटून आलेल्यांच्या संगतीत बसवावे. त्याला देव जेव्हा भेटायचा तेव्हा भेटेल. तोपर्यंत त्याच्या शेजारी बसलेला माणूस त्याला पुरतो, हे बिल विल्सन यांच्या जीवनाने दाखवून दिले आहे.